मुशीत गेलेले दागिने

वऱ्हाडातल्या सोन्याच्या दागिन्यांवर पुस्तक करायचं म्हटलं की पहिली अडचण उभी राहते ती ही, की दागिने नाहीत. सोनं आहे. नांदगाव खंडेश्वरपासून अकोल्यापर्यंत बऱ्यापैकी शेतकऱ्याच्या घरी थोडंफार सोनं असतंच. कपाटात असेल, लॉकरात असेल, नाहीतर पतसंस्थेत तारण असेल. पण आजीच्या आजीची एकदाणी दाखवा म्हटलं तर घरातली म्हातारी हसते. ती एकदाणी मोडून थोरल्या लेकीच्या पाटल्या झाल्या. पाटल्या मोडून नातीचा हार झाला, आणि हार करताना उरलेल्या तुकड्यात थोडी भर घालून जावयाची अंगठी. धातू तोच, घरातल्या घरात चार पिढ्या फिरतो आहे. आकार एकही शिल्लक नाही.

म्हणून ही प्रस्तावना दागिन्यांच्या वर्णनाने सुरू करता येत नाही, ते कुठे गेले या चौकशीने करावी लागते. माझं म्हणणं थोडक्यात असं : वऱ्हाडी दागिना कायम टिकावा म्हणून घडवलेलाच नव्हता. वेळ आली की मोडता यावा, ही त्याच्या घडणीतलीच अट होती. त्याची कारागिरी कशी वाढली आणि त्याला अर्थ कसा आला, हे त्या मोडण्याकडे पाठ फिरवून कळत नाही.

दागिने वितळून इतिहास पुसला जाण्याचं जगातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मेक्सिकोतलं आहे. १५२० च्या उन्हाळ्यात आल्ब्रेख्ट ड्यूरर हा जर्मन चित्रकार ब्रसेल्सला गेला होता. मेक्सिकोवर चालून गेलेल्या एर्नान कोर्तेसने स्पेनच्या राजाकडे पाठवलेल्या अॅझ्टेक वस्तू त्याने तिथे पाहिल्या. त्यात पुरुषभर रुंदीचा सोन्याचा सूर्य होता आणि तेवढाच चांदीचा चंद्र होता. ड्यूररचा बाप सोनार. स्वतः ड्यूररही आधी बापाच्या हाताखाली तेच काम शिकलेला. त्या दूरदेशीच्या माणसांच्या सूक्ष्म बुद्धीने आपण थक्क झालो, अशा अर्थाची नोंद त्याने रोजनिशीत केली. पारख असलेल्या माणसाची ही दाद आहे, कुणा दरबारी भाटाची नाही. तो सूर्य आणि तो चंद्र आज कुठेही नाहीत.

अॅझ्टेक राजधानी तेनोच्तित्लानच्या जवळ अस्कापोत्साल्को नावाची वस्ती सोनारांसाठी नावाजलेली होती, आणि दक्षिणेकडच्या मिश्तेक कारागिरांचा हात तर त्याहून सफाईदार मानला जाई. त्यांची रीत बेर्नार्दिनो दे साआगुन या पाद्र्याने सोळाव्या शतकात तिथल्याच जाणत्या माणसांकडून लिहून घेतली, म्हणून ती आपल्याला कळते. कोळशाची पूड आणि माती एकत्र मळून आधी गाभा करायचा, वाळला की त्यावर बारीक कोरीव काम करायचं. त्यावर मेण आणि कोपाल नावाची राळ यांचा पातळ थर द्यायचा. वरून पुन्हा कोळसा-मातीचं कवच. मग तापवायचं. मेण वितळून निघून जातं, त्याच्या जागी सोनं उतरतं. शेवटी तुरटीच्या पाण्यात उकळून रंग वर आणायचा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात अशी ओतलेली एक वस्तू आहे : खालच्या ओठाला भोक पाडून त्यात बसवायचा सोन्याचा साप. त्याची दुभंगलेली जीभ वेगळी ओतून अशी अडकवली आहे की घालणारा हलला की तीही हलावी. असला अलंकार कुणालाही घालता येत नसे. सरदार, पराक्रम केलेला योद्धा, राजा यांचाच तो हक्क. राजाची सत्ता त्याच्या वाणीत मानणाऱ्या समाजात ओठावर साप बसवणं हा नुसता शृंगार नव्हता, पदाचं प्रमाणपत्र होतं.

आणखी एक गोष्ट आपल्या सोनंवेड्या मनाला खटकेल. अॅझ्टेकांच्या लेखी सोनं सर्वांत मौल्यवान नव्हतंच. हिरवा जेड दगड आणि केत्साल पक्ष्याची लांब हिरवी पिसं सोन्याहून वरची. स्पॅनिशांनी पिसं बाजूला सारली आणि सोनं मुशीत घातलं, कारण त्यांना वजन हवं होतं. मेक्सिको शहरात १९८१ साली बांधकामाच्या खोदाईत सोन्याची एक लगड सापडली, वजन सुमारे १.९३ किलो. १५२० च्या जूनअखेरीस तेनोच्तित्लानमधून रात्रीत पळून जाताना स्पॅनिशांच्या हातून जी लूट पडली, तिच्यातलीच ही लगड, असं २०२० मध्ये तिच्या क्ष-किरण तपासणीनंतर सांगण्यात आलं. त्या लगडीत किती साप, किती सूर्य, किती कानातली फुलं होती, हे आता कोणतंही यंत्र सांगू शकणार नाही. उरलं ते बहुतेक जमिनीखालचं. अल्फोन्सो कासो यांनी जानेवारी १९३२ मध्ये मोन्ते आल्बान इथली ७ क्रमांकाची कबर उघडली, तेव्हा शंभराहून अधिक सोन्याच्या वस्तू एकाच जागी मिळाल्या. मृतांसोबत ठेवलेल्या म्हणून वाचल्या.

हे नांदगावच्या वाचकाला सांगायचं कारण, उरण्याचा हाच नियम विदर्भातही चालला. नागपूरजवळच्या माहुरझरीला मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत. त्यांच्या खाली इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली दफनं. १९७० ते ७२ या काळात शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं. लोखंडाची हत्यारं, कार्नेलियनचे मणी, घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे अलंकार आणि थोडं सोनं, असा ऐवज निघाला. घोड्यालाही सजवून पुरणारी ती माणसं आपल्याला अनोळखी आहेत, पण त्यांच्या अंगावर काय होतं ते आपण काचेच्या कपाटात पाहू शकतो. उलट पणजीच्या गळ्यात काय होतं ते पाहायला सोय नाही. दहनाची चाल रुळली आणि मृतासोबत सोनं देणं हे तोंडात घातलेल्या तुळशीपत्राबरोबरच्या कणभर तुकड्यावर आलं. बाकी सगळं वारसांकडे. कुटुंबाच्या दृष्टीने हे शहाणपणाचंच, संशोधकाची मात्र त्याने पंचाईत केली.

मग शोध घ्यायचा कुठे? एक जागा भिंतीवर आहे. अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं वराहदेवाने कोरवून घेतलं. तो वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री, आणि हरिषेणाच्या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशिम. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली ही गोष्ट. १ क्रमांकाच्या लेण्यातला पद्मपाणी बहुतेक अभ्यासक त्याच काळातला मानतात. त्याचा मुकुट, गळ्यातला मोत्यांचा सर, दंडावरची वाकी इतक्या जवळून रंगवली आहेत की कुठला भाग पत्र्याचा असेल आणि कुठला तारेचा, याचा अंदाज सोनार बांधू शकतो. वाशिमच्या राजसत्तेखाली चितारलेले हे दागिने ही वऱ्हाडच्या सोन्याची सर्वांत जुनी चित्रवही म्हणायला माझी हरकत नाही. औरंगाबादकरांची असेल.

दुसरी जागा दगडात. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरावरच्या स्त्रीमूर्तींचे कमरपट्टे, पैंजण, बाजूबंद निवांत बसून पाहावेत. आमच्या नांदगावचं खंडेश्वराचं देऊळही हेमाडपंती, यादवकाळातलं, आणि यादवांच्या सोन्याच्या पद्मटंक नाण्यांवर मधोमध कमळ असे हे लक्षात ठेवून तिथली नक्षी पाहिली की त्या काळच्या ठसे कोरणाऱ्यांचे आणि दगड घडवणाऱ्यांचे हात एकमेकांपासून फार दूर नसावेत असं वाटत राहतं. तिसरी जागा ओवीत. जात्यावर बसलेल्या बायांनी दागिन्यांची नावं घेऊन भाऊ आठवला, बाप आठवला, नवरा आठवला. कोणता दागिना कुणी केला, कुणी मोडला, कुणाला दिला नाही, याची जेवढी नोंद ओव्यांत आहे तेवढी सरकारी दप्तरात नाही.

आता थोडं सोनाराच्या हाताविषयी. अॅझ्टेकांची कला ओतण्याची, आमची मुख्यतः पत्र्याची आणि तारेची. हा फरक केवळ आवडीचा नाही. ओतलेला दागिना भरीव होतो, सोनं खातो. कापसाच्या पैशावर जगणाऱ्या गिऱ्हाइकाला दोन तोळ्यांत पाच तोळ्यांची ऐट हवी असते. म्हणून सोनं कागदासारखं पातळ ठोकायचं, ठशावर दाबून अर्धगोल काढायचे, दोन अर्धे जोडून पोकळ मणी करायचा आणि आत लाख भरायची. बोरमाळेचा मणी असा होतो. लाखेमुळे तो चेपत नाही, हाताला भरदार लागतो, आणि मोडायच्या वेळी लाख वितळवून काढली की उरतं निखळ सोनं. त्या वेळी मणी किती हलका निघाला यावरून सोनार आणि गिऱ्हाईक यांच्यात जी बोलाचाली होते ती मात्र कोणत्याही कलेच्या इतिहासात लिहीत नाहीत.

तार ओढायला जंतर. एकापेक्षा एक लहान भोकं असलेली पोलादी पट्टी. तापवून मऊ केलेली सळई मोठ्या भोकातून ओढायची, मग त्याहून लहान, मग त्याहून. केसासारखी तार निघते. तिला पीळ द्यायचा, वळवायची, जाळी करायची. रवा काढायचं काम मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटतं. तारेचे बारीक तुकडे कोळशाच्या पुडीत एकमेकांना चिकटणार नाहीत असे पसरायचे आणि तापवायचे. वितळलं की प्रत्येक तुकडा आपोआप गोल होतो, कुणी त्याला गोल करत नाही. हे कण पत्र्यावर ओळीने मांडायचे आणि डाग लावून पक्के करायचे. डाग म्हणजे सोन्यात तांबं-चांदी मिसळून केलेला, लवकर वितळणारा जोड. त्याच्यासोबत टाकणखार, म्हणजे तापताना धातूवर मळ धरत नाही आणि जोड सरळ पसरतो. फुंकणी तोंडात धरून दिव्याची ज्योत नेमकी तिथे वळवायची. फुंकर एक श्वास जास्त झाली की डागाबरोबर दागिनाही वितळतो. फुंकणी तोंडात धरून नाकाने श्वास घेत राहायचं आणि गालातली हवा संपू द्यायची नाही, हे शिकायला पोराची दोन-चार वर्षं जात. आता गॅसची शिखा आहे, त्यामुळे ते कौशल्य कुणाला लागत नाही. मधल्या काळात डागासाठी कॅडमियम आलं, त्यावरून केडीएम हे नाव घरोघरी झालं. जोड छान बसे, पण त्याचा धूर कारागिराच्या छातीत जाई. ती रीत बंद झाली हे चांगलंच झालं.

गिऱ्हाईक सोनाराच्या समोर बसून राही. सकाळी सोनं मोजून दिलं की दिवे लागेपर्यंत तिथेच, नजर न हलवता. हा अविश्वास आमच्या समाजाने उघडपणे पाळला आणि त्याच सोनाराकडे लेकरू कान टोचायला नेलं. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्यप्रांतातील जातीजमातींवरच्या ग्रंथात सोनारांवर मोठं प्रकरण आहे, त्यात लबाडीच्या रीतीही सविस्तर दिल्या आहेत. मला त्यात गोऱ्या अधिकाऱ्याची चव येते. घट धरावीच लागते : घासताना, कानस लावताना, उजळताना सोनं उडतं. ते सोनाराच्या अंगणातल्या धुळीत जाऊन पडतं, आणि ती धूळ विकत घेऊन धुणारे झारेकरी पाण्यातून सोन्याचा कण वेगळा काढतात. ज्या धंद्याच्या केरावर दुसरी एक जात पोट भरते, त्या धंद्यात घट किती खरी आणि किती खोटी हे ठरवणं समोर बसलेल्या शेतकऱ्याला कठीण आणि अधिकाऱ्याला त्याहून कठीण.

त्याच ग्रंथात दागिन्यांना ताईत मानलं आहे : आधी रक्षणासाठी, मग शोभेसाठी. अर्धं पटतं. काळ्या मण्यांची गरसोळी, लहान मुलाच्या कमरेचा चांदीचा करगोटा, पायातली जोडवी यांत रक्षणाचा भाग आहेच. पण बोरमाळ, जोंधळी पोत, चिंचपेटी, पोहेहार, चाफेकळी यांकडे पाहा. शेतातलं बोर, ज्वारीचा दाणा, कांडलेला पोहा, कुंपणाजवळचा चाफा. वऱ्हाडी बाई गळ्यात पीक घालते, तेही असं पीक की ज्याला बोंडअळी लागत नाही आणि पाऊस पडला नाही तरी चालतं. यात भीती मला फार दिसत नाही, हाव दिसते, आणि ती हाव प्रामाणिक आहे. पायात मात्र सोनं नाही. सोनं लक्ष्मी, म्हणून कमरेखाली चांदी, हा नियम गरिबाने आणि सावकाराने सारखाच पाळला. पायाची ही चांदी घ्यायला बाजार खामगावचा. चांदीच्या कामासाठी त्या गावाला रजतनगरी म्हणतात.

वऱ्हाडच्या दोन लेकींच्या कथा या पुस्तकाच्या वाचकाने जवळ ठेवाव्यात. पहिली लोपामुद्रा. महाभारतातल्या वनपर्वात ती विदर्भराजाची कन्या. अगस्त्याशी लग्न झालं तेव्हा त्याच्या सांगण्यावरून तिने दागिने आणि रेशमी वस्त्रं उतरवून ठेवली, वल्कलं नेसली. पुढे एकदा तिने स्पष्ट सांगितलं की माहेरी होतं तसं, दागिन्यांनी सजून, मला तुझ्याजवळ यायचं आहे, आणि त्यासाठी तुझं तप खर्ची पडता कामा नये. अगस्त्य धन मागायला निघाला. एकामागून एक तीन राजांकडे गेला. प्रत्येकाने जमाखर्च मांडून दाखवला : जमा जेवढी, तेवढाच खर्च, शिल्लक काही नाही. ऋषीने त्यांच्याकडून काही घेतलं नाही, कारण घेतलं असतं तर प्रजा भरडली असती. शेवटी इल्वल नावाच्या असुराकडून सोनं मिळालं. या कथेत बाईची इच्छा कुठेही हलकी ठरवलेली नाही, आणि कुणाच्या तरी तोंडचा घास काढून दागिना करू नये ही अटही आहे. दोन्ही एकाच वेळी. पुढच्या काळात या दोन गोष्टी एकत्र राहिल्या नाहीत.

दुसरी रुक्मिणी, कौंडिण्यपूरची. वर्धेच्या काठचं हे गाव नांदगावपासून फार लांब नाही. तिच्या तुलाभाराची कथा सगळ्यांना ठाऊक आहे : सत्यभामेने तराजूत घरातलं सगळं सोनं ओतलं तरी कृष्णाचं पारडं हललं नाही, रुक्मिणीचं एक तुळशीपान पुरलं. कीर्तनकार हिचा उपयोग सोन्याला तुच्छ ठरवायला करतात. मला त्यात दुसरंही दिसतं. तराजू, वजन, पारडं ही सगळी सोनाराच्या दुकानातली सामग्री आहे. सोन्याचं वजन ठाऊक असलेल्या लोकांनीच ही कथा रचली असणार. आणि याच अमरावती जिल्ह्याने सोन्याला खरोखरी नकार देणारा माणूसही दिला. शेंडगावचे गाडगेबाबा एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच घालून महाराष्ट्रभर हिंडले. कान टोचलेले होते, त्यात काही तरी घालायची रीत त्यांनी मोडली नाही. काय घालायचं ते मात्र आपल्या मनाने ठरवलं. दागिन्याचा अर्थ इतक्या थोडक्यात उलटा करून दाखवणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.

सोन्याबाहेरचे दोन अलंकारही इथे नोंदवले पाहिजेत, नाहीतर पुस्तक फक्त सोनं परवडणाऱ्यांचं होईल. बंजारा स्त्रीच्या केसांतली चांदीची घुगरी-टोपली ती लग्न झालेली असल्याचं दुरून सांगते. तांड्यावरच्या बाईची सगळी कमाई अशी अंगावर असे, कारण ठेवायला भिंती नसत. आणि गोंदण. मेळघाटातल्या कोरकू बाया आणि सपाटीवरच्या कुणबी बाया, दोघींच्या हातांवर ते दिसतं. चोराला नेता येत नाही, सावकाराला गहाण घेता येत नाही. मेल्यावरही सोबत येणारा हा एकच दागिना, असं बाया सांगतात. माहुरझरीच्या दफनांत ठेवलेल्या सोन्याचं काम त्याने असं केलं.

मोडण्याकडे परत येतो, कारण खरा मजकूर तिथे आहे. राजघराण्यांचे दागिने मेक्सिकोच्याच वाटेने गेले. १८५३ च्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघुजी भोसले औरस वारसाविना वारले, डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केलं, आणि राजवाड्यातलं जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन लिलावात विकलं. हत्ती, घोडे, सामान नागपुरातच गेलं. त्याच सुमाराला, मे १८५३ मध्ये, निजामाने वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली दिला होता. लिलावात विकलेला दागिना कुणीतरी तसाच ठेवला असण्याची थोडी शक्यता असते. बाकी कलकत्त्याच्या बाजारात हिरे सुटे झाले आणि सोन्याची लगड झाली असं धरून चालावं.

शेतकऱ्याचं सोनं मात्र कुणी लुटून वितळवलं नाही. ते त्याने स्वतः नेऊन सोनाराच्या हातावर ठेवलं. १८६१ ते ६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वर्षांत तिकडचा कापूस मँचेस्टरला पोहोचेना, वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. त्या काळात कास्तकारांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशी आठवण सांगतात. ही गोष्ट गुजरातेपासून धारवाडपर्यंत सगळीकडे सांगतात, म्हणून मी ती गोष्ट म्हणूनच घेतो. युद्ध संपलं, भाव कोसळला. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरात पोहोचेपर्यंत तेजीतला पैसा अंगावर आला होता तसा पुष्कळसा अंगावरून उतरला होता. तेव्हापासून वऱ्हाडी घरातला दागिना म्हणजे कापसाचा साठवलेला भाव. चांगल्या सालात तो बाईच्या गळ्यात येतो, वाईट सालात पेरणीच्या आधी, मे-जूनमध्ये, बियाण्यासाठी गहाण पडतो, आणि दिवाळीनंतर कापूस विकला गेला तर सुटतो.

सत्तरच्या दशकात क्विंटलभर कापसात तोळाभर सोनं येत असे, हे जुने शेतकरी आजही सांगतात. २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याने लाखाचा आकडा ओलांडला, आणि २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे तोळ्याला बारा क्विंटलांहून जास्त, कोरडवाहू दोन-तीन एकरांचा अख्खा माल. हे गणित ज्याला कळलं त्याला वऱ्हाडातल्या लग्नांत एक ग्रॅम सोन्याचे मुलामा दिलेले दागिने का शिरले हे वेगळं सांगावं लागत नाही. त्या दागिन्यांना नाक मुरडणाऱ्यांनी जरा थांबावं. ते मोडता येत नाहीत, पण कर्ज काढूनही घ्यावे लागत नाहीत.

गहाणाच्या बाबतीत कायदा एक सांगतो आणि घर दुसरं. प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट केलं की स्त्रीधन हे पूर्णपणे स्त्रीचं; नवरा किंवा सासरचे ते फक्त सांभाळतात. प्रत्यक्षात पोत काढून देण्याचा निर्णय ओट्यावर पुरुष घेतात आणि बाई आतून आणून देते. २०१५ साली राज्य सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांची परवानाधारक सावकारांकडची कर्जं भरून तारण परत करण्याची योजना काढली. परवाना नसलेल्या सावकाराकडे अडकलेली पोत या योजनेत बसत नव्हती.

कारागिराच्या कलेचा कणा मोडला तो मात्र कापसाने नाही, दिल्लीने. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणलं. चौदा कॅरटपेक्षा शुद्ध दागिना घडवायला बंदी. चौदा कॅरटचं सोनं कडक, त्याचा पत्रा पातळ ठोकता येत नाही, जंतरातून तार तुटते, रवा बसत नाही. बाविसावर चालणारा हात चौदावर निकामी. देशभर सोनारांच्या शेगड्या थंडावल्या, अनेकांनी आत्महत्या केल्या. कॅरटची अट पुढे काही वर्षांत गेली, पण १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत राहिला. त्या सत्तावीस वर्षांत सोनाराची मुलं शाळामास्तर झाली, एसटीत लागली, किराणा टाकून बसली. कायदा उठला तेव्हा दुकानं पुन्हा उघडली, पण ठसे कोरणारे फारसे परतले नाहीत. आज अमरावती-अकोल्याच्या सराफ्यात मागच्या खोलीत बसून काम करणारा कारागीर पुष्कळदा बंगाली असतो, आणि त्याच्या हातात सफाई भरपूर असली तरी जोंधळी पोतीतला दाणा वऱ्हाडच्या ज्वारीइतका टपोरा का हवा हे त्याला गिऱ्हाइकाने सांगावं लागतं. जून २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा झाला. प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची खूण येते, तिच्यावरून शुद्धता आणि तपासणी केंद्र कळतं. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हे शंभर वर्षं आधी व्हायला हवं होतं. घडवणाऱ्याचं नाव त्या खुणेत नाही. पूर्वीही कुठे नव्हतं.

पुढच्या पानांत दागिन्यांची जी चित्रं आहेत ती बरीचशी सांगण्यावरून काढलेली आहेत : म्हाताऱ्या बायांच्या आठवणी, सोनारांच्या घरात उरलेले ठसे, लग्नाच्या जुन्या याद्या. ठसे सर्वांत भरवशाचे, कारण दागिना मोडला तरी सोनाराने ठसा मोडला नाही. याद्यांत वजन नेमकं आणि वर्णन शून्य, आठवणींत नेमकं उलट. दोन्ही जुळले तिथेच चित्र छापलं आहे. वजनं याद्यांत होती तशी तोळा-मासा-गुंजेत ठेवली आहेत : आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, आणि हा तोळा जुना, ११.६६ ग्रॅमचा, आजच्या सराफाचा दहा ग्रॅमचा नव्हे. गुंज म्हणजे ग्रॅमचा साधारण आठवा भाग. हिशेब करताना वाचकाने एवढं ध्यानात ठेवावं.